कोतराच्या काठावर, मोठ्या झाडांखाली काय लावावं?

विचारणारे गृहस्थ निवृत्त आहेत. बडोद्याच्या उत्तरेला, विश्वामित्री नदीला मिळणाऱ्या एका कोतराच्या, म्हणजे पाण्याने कापलेल्या घळीच्या, काठी त्यांची अडीच विघे वडिलोपार्जित जमीन आहे. काठाची लांबी साधारण ६० मीटर. माथ्यावर सहा जुने कडुनिंब, दोन उंबर आणि एक अर्जुन. त्यांच्याखाली उघडी माती, थोडी घाणेरी, आणि उतारावर विलायती बाभूळ, म्हणजे इथला गांडो बावळ. २०२४ च्या ऑगस्टमधल्या पुरानंतर काठ दोन हात आत सरकला. नर्सरीवाला टिकोमा आणि बोगनवेल लावा म्हणतो, मेहुणे दगडी भिंत घाला म्हणतात. त्यांचा प्रश्न असा: मोठ्या झाडांखाली कोणती झुडपं आणि छोटी झाडं लावली तर माती धरून राहील? आणि झाडोरा दाट झाला तर मगरींना आडोसा तर होणार नाही ना?

काका, तुमचा प्रश्न वाचून फार बरं वाटलं. काठ म्हटलं की लोक वड, पिंपळ, अर्जुन अशी मोठी नावं घेतात. मोठ्या झाडाखालच्या मधल्या थराबद्दल फारसं कोणी विचारत नाही, आणि काठ वाचतो तो बराचसा याच थरामुळे. गेली बावीस वर्षं मी या भागातल्या कोतरांवर आणि कांसांवर, म्हणजे पावसाचं पाणी वाहून नेणाऱ्या चरांवर, लागवड करते आहे. त्यातली पहिली पाचसहा वर्षं मीसुद्धा मोठ्या झाडांमागेच होते.

नावांची यादी देण्याआधी एक काम सांगते, कारण ते आत्ताच, थंडी सरायच्या आत, करण्यासारखं आहे. काठावर उभं राहून पाण्याच्या खुणा बघा. पूर ओसरून गेला तरी त्याच्या रेघा राहतात. कडुनिंबाच्या खोडावर वाळलेल्या गाळाचा फिकट पट्टा असेल. बाभळीच्या काट्यांत प्लास्टिकच्या पिशव्या आणि गवताच्या गुंडाळ्या एका उंचीला अडकलेल्या असतील. ती पुराची रेघ. तिच्याखाली, जिथे गवताचा रंग आणि जात बदलते, तिथे दुसरी रेघ मिळेल. ती दर पावसाळ्यात पाणी चढतं ती. तिसरी अगदी खाली, वर्षातले बरेच महिने ओल असते तिथली. या तीन रेघांवर बांबूच्या खुंट्या ठोका आणि शेजाऱ्यांना विचारा, प्रत्येक रेघेवर पाणी किती दिवस थांबतं. झाडाची निवड या उत्तरावर होते. किती उंच पाणी आलं यापेक्षा किती दिवस थांबलं हे जास्त महत्त्वाचं. एक दिवस बुडून वर येणारी झाडं पुष्कळ आहेत. आठवडाभर मुळं पाण्यात राहिली तर त्यातली निम्मी कुजतात.

तुमच्या कोतरात पाणी थांबणारच. विश्वामित्री पावागढच्या डोंगरात उगम पावते आणि शहरातून वळणं घेत पुढे ढाढर नदीला मिळते. बडोद्यातल्या काळाघोड्याच्या पुलाशी तिची धोक्याची पातळी २६ फूट धरतात. २०२४ च्या ऑगस्टमध्ये ती ३५ फुटांच्या वर गेली होती. मुख्य नदी अशी फुगली की कोतरांना आणि कांसांना वाट मिळत नाही, त्यांचं पाणी उलट मागे चढतं आणि तिथेच तुंबून राहतं. म्हणजे तुमच्याकडे धारेचा जोर कमी आणि मुक्काम जास्त. काठ कधी ढासळला ते आठवून बघा. बहुतेक वेळा पूर भरात असताना नाही, तो उतरल्यावर दोनतीन दिवसांत ढासळतो. पाणी चढलेलं असतं तेव्हा तेच काठाला बाहेरून टेकू देतं. पाणी झपाट्याने उतरलं की टेकू जातो, आणि आतली माती मात्र भिजून जड झालेली असते. मग ती उभ्या फाकीने सुटते. आपल्या इथली माती गाळाची, खोल, अधूनमधून कंकर, म्हणजे चुनखडीचे खडे, असलेली, खाली धरायला खडक नाही. अशा काठाच्या अगदी कडेला एकच उंच, जड झाड असेल तर ते माती धरतं खरं, पण सुटताना आपल्याबरोबर मोठा लपकाही घेऊन जातं.

मला हे एका वर्षात कळलं. एका संस्थेच्या जागेत कांसाच्या कडेला मी अर्जुनाची रोपं ओळीने लावली होती, दर तीन मीटरला एक. चार वर्षांत ती दोन पुरुष उंच झाली, लोक बघायला येत. पाचव्या पावसाळ्यात पाणी उतरल्यावर तिसऱ्या दिवशी गेले तर अकरा झाडं मातीसकट पात्रात आडवी. त्याच काठावर जिथे आम्ही काहीच केलं नव्हतं, जुनी निर्गुडी आणि करंजाची फुटवे आलेली झुडपं होती, तिथला काठ जागेवर होता. मी त्या झुडपाखाली बसून हाताने माती उकरून पाहिली. निर्गुडीची एकेक फांदी गाळात गाडली गेली होती, आणि गाडलेल्या प्रत्येक पेरापासून बोटभर लांबीची पांढरी मुळं सुटली होती. वरून गाळ आला की खालून मूळ, असं ते झुडूप दर पुराला एकेक मजला वर चढत होतं. तेव्हापासून मी काठाच्या खालच्या भागाला एकाच कसोटीने झाड निवडते: वाकतं का, तोडल्यावर फुटतं का, गाडल्यावर मुळं सोडतं का.

आता काठाचे तीन भाग करू. पाय, पोट आणि माथा.

पायाला, म्हणजे खालच्या दोन रेघांच्या मध्ये, पहिला मान निर्गुडीला. नर्सरीत तिला नगोड म्हणा, नाहीतर माळी समजणार नाही. पानाला तीन किंवा पाच बोटं, फूल जांभळट निळं. पानांवर पांढरी किनार असलेली शोभेची एक जात याच नावाने गळ्यात मारतात, ती घेऊ नका. निर्गुडीची रोपं विकत घ्यायचीही गरज नाही. आपल्या आज्या शेकायला पाला आणायच्या ते झुडूप अजून कुठल्यातरी शेताच्या बांधावर असतंच. माघ-फाल्गुनात, नवी पालवी फुटायच्या आधी, अंगठ्याएवढ्या जाडीच्या, हातभर लांब काड्या कापा. खालचं टोक तिरकं, वरचं सपाट, म्हणजे उलटी लावली जाणार नाही. रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा आणि पिशव्यांत सावलीला लावा. आर्द्रेच्या पावसापर्यंत मुळं धरतात. गुरं आणि शेळ्या तिला तोंड लावत नाहीत, आणि कोतराच्या काठी हा गुण फार मोठा आहे. तुमच्या ६० मीटरला दोन ओळी, मीटरभर अंतराने, एकमेकींच्या फटीत येतील अशा, म्हणजे शंभर-सव्वाशे काड्या लागतील.

निर्गुडीच्या मध्येमध्ये करंज. करंज मोठा होतो, मला माहीत आहे, पण पायाला तो झाड म्हणून वाढवायचा नाही. कमरेइतका झाला की हिवाळ्यात गुडघ्याच्या उंचीवर छाटायचा, म्हणजे तो अनेक खोडांचं झुडूप होतो आणि मुळांपासून नवे कोंब काढतो. बुडून राहणं त्याला सोसतं, शेंगवर्गातला असल्याने मातीत नत्रही धरतो. मागताना मात्र शेंग हातात घेऊन मागा. इथे कणजी आणि कणजो ही नावं एकमेकांत मिसळतात, आणि करंज म्हणून दिलेलं रोप पुढे वावळा निघतो. वावळ्याचं बी पातळ, गोल, पंखाचं असतं, करंजाची शेंग जाड आणि चपटी. एवढं लक्षात ठेवलं तरी फसवणूक होत नाही.

पायाच्या वरच्या अंगाला दोन छोटी झाडं मला फार आवडतात. एक वायवर्ण, इथला वायवरणो. ओढ्याकाठचंच झाड, मुळांपासून फुटवे काढतं, आणि उन्हाळ्याच्या तोंडाला पानं झडलेली असताना पांढऱ्या-पिवळसर फुलांनी भरून जातं. दुसरं समुद्रफळ. ते हुडकावं लागेल, पण कष्टाला मोल आहे. आठवडेच्या आठवडे पाण्यात उभं राहून काही होत नाही असं छोटं झाड आपल्याकडे दुसरं मी पाहिलेलं नाही. लाल झुपक्यांच्या लांब माळा लोंबतात, फुलं रात्री उमलतात आणि सकाळी पाण्यावर तांबडा सडा पडलेला असतो. दोन्ही मिळून पंधरा-वीस पुरेत, तीनचार मीटर अंतराने, ओळीत नको.

कोकणातून किंवा घाटातून आलेलं कोणी तुम्हाला शेरणी लावा म्हणेल. शेरणी उत्तमच, पण ती खडकाळ पात्रातली, दगडांच्या फटीत मूळ रोवणारी. आपल्या चिखलमातीत तिला पकड मिळत नाही. धायटीचंही तेच. पावागढच्या उतारावर ती बघावी, तांबड्या फुलांनी पेटलेली. तिला निचरा लागतो, कोतराच्या पायाला ती दुसऱ्या पावसाळ्यातच जाते. झाड देशी आहे एवढ्याने भागत नाही, त्या जागेचं असावं लागतं.

पोट, म्हणजे मधला उतार, हीच तुमची अवघड जागा, कारण तिथे विलायती बाभूळ आहे. बहुतेक लोक जेसीबी बोलावतात आणि एका दिवसात सगळं साफ करतात. काका, हे कृपा करून करू नका. आज तुमच्या उताराची माती जी काही धरून आहे ती याच बाभळीच्या मुळांनी. तिला ऊन लागतं, सावलीत ती खंगते. म्हणून एका वर्षी एक तृतीयांश काढा, तेही कोयत्याने आणि कुदळीने. खोड जमिनीच्या वीतभर खाली तोडा, वर तोडलं तर चौपट फुटतं. मूळ उपटू नका, आतच कुजू द्या. रिकाम्या झालेल्या पट्ट्यात पहिल्याच पावसात शेवरीचं बी फेका. शेवरी चारसहा महिन्यांत डोक्याच्या वर जाते, ओल सोसते, नत्र धरते आणि तीनचार वर्षांत आपणहून संपते. तेवढ्या वेळात तिच्या विरळ सावलीत खरी लागवड उभी राहते. दाईसारखं तिचं काम.

पोटात काय लावायचं ते सावलीवर ठरेल. तुमच्या वर्णनावरून कडुनिंबांची सावली दुपारनंतर उतारावर पडत असावी. विरळ सावलीत भोकर चांगलं येतं, इथला गुंदा. घरात लोणच्याला भोकरं मिळतील हा वेगळा फायदा, पण हे झाड खाली खाली नका नेऊ, चारपाच दिवसांहून जास्त पाणी त्याला मानवत नाही. अंकोळ हे तर या भागाचं अगदी आपलं झाड, पाऊस यायच्या आधी फळतं आणि बुलबुल-कोकिळांची झुंबड उडते. जिथे ऊन आहे तिथे शिंदी, म्हणजे खजूरी, दोनचार लावा. तिची मुळं झाडूच्या काड्यांसारखी दाट आणि दोरीसारखी असतात, डोकं अरुंद असल्याने खालच्या झुडपांचं ऊन अडत नाही, आणि पाण्याच्या बाजूला झुकली की सुगरणी घरटी बांधतात. वाळ्याच्या, म्हणजे खसाच्या, दोन आडव्या ओळी उताराला समांतर घाला. त्याची मुळं सरळ खाली दोनतीन मीटर जातात. मात्र फक्त उघड्या उन्हात. झाडाखाली लावलेला वाळा वर्षभरात पिवळा पडतो, आणि लोक म्हणतात वाळा इथे येत नाही.

बांबूबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण कोणीतरी सुचवेलच. माथ्यापासून आत, सपाटीवर एखादं बेट जरूर लावा. उभ्या उताराच्या कडेला नको. बेट वरून जड होतं, मुळं पसरट आणि उथळ असतात, आणि भिजलेल्या काठासकट ते खाली बसतं.

आता माथा, तुमच्या जुन्या झाडांची खरी सावली. तिथे काही विकत घ्यायच्या आधी एक पावसाळा थांबायची तुमची तयारी आहे का? तुमच्याकडे दोन उंबर आहेत. उंबरावर पक्षी येतात आणि येताना दुसऱ्या झाडांच्या बिया पोटातून घेऊन येतात. त्या उंबरांखाली गुडघ्यावर बसून बघा. मी एका शेतात असंच पाहिलं होतं. घाणेरी हाताने उपटल्यावर चटईएवढ्या जागेत अंकोळाची तीन, कंथारीची दोन, भोकराचं एक आणि कडुनिंबाची मोजता येणार नाहीत इतकी रोपं होती, सगळी वीतभर, घाणेरीच्या सावलीत दबलेली. त्यांच्याभोवती नुसत्या काड्या रोवून लाल चिंध्या बांधल्या, म्हणजे गवत कापणाऱ्याला दिसतील. तीन वर्षांनी तिथे लावलेलं कोणतं आणि आपणहून आलेलं कोणतं हे मलाही सांगता आलं नसतं. आपणहून आलेलं रोप आपल्या जागेची परीक्षा देऊनच उगवलेलं असतं.

जिथे काहीच उगवणार नाही तिथे अडुळसा लावा, इथली अरडूसी. सावली तिला चालते, शेळ्या खात नाहीत, काडीने येते, पांढऱ्या फुलांवर हिवाळ्यात मधमाश्या असतात, आणि घरात खोकल्याला पानं होतात. पाणी तुंबतं तिथे मात्र ती मरते, म्हणून पुराच्या रेघेच्या वरच. तिच्याबरोबर मुरुडशेंग आणि काळा कुडा. मुरुडशेंगेला इथे मरडाशिंग म्हणतात, काळ्या कुड्याला दूधलो. दोन्ही पावागढ आणि जांबुघोड्याच्या जंगलात मोठ्या झाडांखाली वाढलेली दिसतात, म्हणजे मधल्या थरात राहायची त्यांना सवयच आहे. मुरुडशेंगेचं लाल फूल आणि पिळलेली शेंग नातवंडांना दाखवायला छान. शेतातलं पाणी काठाकडे वाहत येतं ते या पट्ट्यातून गाळून गेलं पाहिजे, म्हणून पाचोळा झाडू नका. पाचोळा, त्यात अडकलेल्या काड्या, त्याखालची भुसभुशीत माती, यातच शेतातला गाळ आणि खत थांबतं. पट्टा दहा मीटर रुंद ठेवता आला तर उत्तम. तितका नाहीच जमला तर पाच मीटर ठेवा, पण सलग ठेवा. मध्ये ट्रॅक्टरची वाट सोडली की सगळं पाणी त्याच वाटेने उतरतं आणि तिथे नवं घळ पडतं.

सगळ्यात बाहेर, शेताच्या अंगाला, करवंद आणि कंथार यांचं काटेरी कुंपण. हे गुरांसाठी आहे आणि थोडं माणसांसाठीही. ते का, ते सांगते.

मगरीबद्दलची तुमची भीती मी समजू शकते. २०२४ च्या पुरात रहिवासी भागांतून किती मगरी वन विभागाच्या लोकांनी आणि स्वयंसेवकांनी उचलून नेल्या ते आपण सगळ्यांनी पाहिलं. पण आपण ही नदी आपली म्हणण्याआधीपासून मगर इथे आहे, १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत तिला संरक्षण आहे, आणि तुमच्या लागवडीने ती वाढणारही नाही, कमी होणारही नाही. तिला ऊन खायला उघडा, थोडा सपाट उतार लागतो, आणि अंडी घालायला मऊ मातीचा काठ. अंडी साधारण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये घातली जातात आणि पावसाच्या तोंडाला पिल्लं बाहेर येतात. तेव्हा दोन गोष्टी करा. तुमच्या ६० मीटरमध्ये जिथे पोट घासत पाण्यात उतरल्याच्या गुळगुळीत खुणा असतील, तिथला आठदहा मीटरचा तुकडा मुळीच लावू नका, गवतावर सोडा. आणि फेब्रुवारीपासून पिल्लं निघेपर्यंत पायाच्या भागात कुदळ चालवू नका. अंड्यांजवळची मादी अंगावर येते.

धोका दाट झाडीत असतो तो माणूस तिथून पाण्यात उतरत असेल तर. म्हणून माणसांना आणि गुरांना उतरायला वाटच ठेवू नका. करवंदाचं कुंपण त्यासाठी. मोटरसाठी उतरावंच लागत असेल तर ती जागा मगरीच्या तुकड्यापासून लांब, दोन्ही बाजूंनी चार-चार मीटर गुडघ्याखालचं गवत ठेवून, पाणी स्पष्ट दिसेल अशी करा. भांडी, कपडे, मुलांचं खेळणं, मासळीची घाण, काहीही काठावर नको.

नर्सरीवाल्याने सुचवलेली झाडं वाईट नाहीत, ती चुकीच्या जागेची आहेत. बोगनवेल घराच्या फाटकावर लावा, तिथे ती शोभेल. टिकोमा बी उधळतो, आणि कोतरात पडलेलं बी कुठे जाईल यावर आपला ताबा नाही. सुबाभूळ तर अजिबात नको. बेशरम, म्हणजे नफ्फटियो, कोणी फुकट दिली तरी घेऊ नका, ती काडीकाडीने पात्र भरून टाकते आणि शेळ्यांना विषारी आहे. कोनोकार्पस या परदेशी शोभेच्या झाडावर २०२३ मध्ये गुजरातच्या वन विभागाने बंदी घातली आहे, तरी अजून कोणीतरी हिरवी भिंत म्हणून ते विकायला येतं.

मेहुण्यांच्या भिंतीबद्दल. भिंत नेहमी चूक असते असं मी म्हणणार नाही. मात्र भिजलेल्या मातीतलं पाणी बाहेर पडायला भिंतीत वाट ठेवली नाही तर पूर उतरताना तेच पाणी भिंतीला मागून ढकलतं. शिवाय भिंतीवर आपटलेली धार समोरच्याचा काठ खाते. तुमचा काठ वळणाच्या बाहेरच्या अंगाला असेल आणि पायाखालून पोकळ होत असेल, तर नुसत्या झुडपांनीही भागणार नाही. हे मला स्पष्ट सांगायला हवं. तिथे पायाला सुट्या दगडांची रास लागते, दगडांच्या फटींत निर्गुडीच्या काड्या, आणि त्यासाठी जाणत्या इंजिनिअरला जागा दाखवावी. पात्रात काहीही करण्याआधी सात-बार आणि मोजणीचा नकाशा काढून कोतराची सरकारी हद्द कुठे संपते ते तलाठ्याकडून समजून घ्या. २०२५ च्या पावसाळ्याआधी विश्वामित्रीचं पात्र खोल आणि रुंद करायचं मोठं काम झालं. पुढे मशीन तुमच्या कोतरापर्यंत येणार असेल तर त्याच्या वाटेत रोपं लावून ती गमावण्यात अर्थ नाही.

रोपांसाठी सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकेत आधी जा. पावसाळ्यात वनमहोत्सवाच्या सुमारास तिथे करंज, वायवर्ण, जांभूळ, अंकोळ स्वस्तात मिळतात, पण मागणी उन्हाळ्यातच सांगून ठेवावी लागते. हा वनमहोत्सव १९५० मध्ये कन्हैयालाल मुनशींनी सुरू केला, आणि ते आपल्या बडोदा कॉलेजचे विद्यार्थी. मला दर जुलैत ते आठवतं. रोप घेताना उंची बघू नका. पिशवी उलटी करून मुळं गोल फिरली आहेत का ते बघा. गुडघाभर, जाड खोडाचं, सरळ मुळाचं रोप पुरात टिकतं. छातीइतकं उंच, पिशवीत दोन वर्षं कोंडलेलं रोप पहिल्या पाण्यात आडवं होतं.

पायाच्या रोपांना लोखंडी जाळी लावू नका. पुरात तिच्यात प्लास्टिक आणि जलपर्णी अडकते, जाळीचं शिड होतं आणि रोपासकट उखडते. माथ्यावर हवी तर लावा. खाली, रोपाच्या वरच्या अंगाला एकच बांबूची खुंटी, तिरकी, आणि सुतळीची सैल गाठ. पहिले दोन उन्हाळे माथ्याच्या आणि पोटाच्या रोपांना आठवड्याला एकदा घमेलंभर पाणी, रोज थोडं थोडं नको, नाहीतर मुळं वरच राहतात.

आणि पहिला पूर उतरल्यावर, चिखल पाय ठेवण्याइतका घट्ट झाला की लगेच, कोयता घेऊन जा. एकटे नाही, सोबत कोणीतरी पाण्याकडे लक्ष ठेवायला हवं. रोपं आडवी झालेली दिसतील, त्यांच्यावर पिशव्यांचं ओझं असेल. पिशव्या कापून काढा. निर्गुडी वाकलेली असेल तर सरळ करायच्या फंदात पडू नका, तिच्यावरचा गाळ तसाच राहू द्या, फक्त शेंडा मोकळा करा. करंज आणि वायवर्णाच्या खोडाभोवती वीतभरापेक्षा जास्त गाळ साचला असेल तर हाताने बाजूला ओढा. उघड्या पडलेल्या मुळांवर ओली माती दाबा. आठ-दहा दिवसांनी परत जा आणि आडव्या काड्यांच्या पेरांकडे बघा. तिथे हिरवे डोळे फुगलेले असतील.